सोबतीचा रकाना

ओरोसच्या दवाखान्यातून समुद्र दिसत नाही.
हर्षला तारीने विचारलं ते हेच पहिलं,
"बाये, हयसून दर्या खय दिसता?"
मी म्हटलं, रेशनकार्ड आणलंय का.

योजनेच्या खिडकीत मी बसते, नऊ ते साडेपाच.
काचेला गोल भोक. त्यातून कागद आत येतात,
आवाज जरा कमी येतो.

तिच्या बोटांवर कोळंबीच्या काट्यांचे जुने चिरे,
बर्फात हात घालून आठ-आठ तास, किलोमागे पैसे.
दुखतं म्हणून कुणीतरी गोळी दिली,
गोळी महागली तशी पुडी आली.
हे तिने सांगितलं नाही. केसपेपरवर होतं,
डॉक्टरांच्या अक्षरात, दीड ओळ.
मी माझी पर्स टेबलावरून मांडीत घेतली.
तिने ते पाहिलं.

बाळ आतल्या कक्षात. चौथा दिवस.
रडणं असं, की तेल न घातलेली कप्पी
कुणीतरी ओढतंय, ओढतंय, आणि जाळं वर येत नाही.
टाचा चादरीवर घासून सोललेल्या.
मूठ चोखतं, दूध घेता येत नाही.
नाळ कापली तसा पुरवठा बंद झाला,
अंग मागतंय अजून,
काय मागतंय ते त्याला कुठे ठाऊक.

कम्प्युटरवर आजारांची यादी.
कावीळ आहे. जंतुसंसर्ग आहे. कमी वजन आहे.
आईच्या नशेमुळे, असं टाइप केलं
की पडदा म्हणतो, नोंद सापडली नाही.
वजन एक किलो नऊशे. देवाची कृपा,
बाळ हलकं होतं. बसलं यादीत.

आई कुठेच बसेना.
प्रसूती साधी, तीन दिवस, मग खाट रिकामी करा.
व्यसनमुक्तीला फोन लावला, घाटावर,
सोळा खाटा, सगळ्या पुरुषांच्या.
बायकांचं काय? पलीकडचा माणूस हसला नाही,
हे त्याचं भलेपण.
म्हणाला, "बायका येत नाहीत हो मॅडम."

ती पॅसेजमध्ये, पाण्याच्या मशीनशेजारी,
उन्हाळ्यात चादर पांघरून थरथरत.
आत बाळ थरथरत.
मध्ये एक दार, त्यावर लिहिलेलं: चपला बाहेर.

मुणगेकर डॉक्टर म्हणाल्या, दिवे मंद करा,
घट्ट गुंडाळा, औषध थेंबाथेंबाने उतरवू.
आणि आईला आत आणा. अर्धं औषध तीच.
"आणि तिचं औषध?"
"तेही रोज. वेळेवर."
"पैसे कशातून?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच सरकार.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो,
रुग्णासोबत राहणारी व्यक्ती.
नऊ वर्षं मी तिथे आजी लिहिली, मावशी, शेजारी,
एकदा तर एसटीचा कंडक्टर.
लिहिलं: हर्षला तारी. नातं: आई. जेवण: हो.
खाटेला पर्याय नव्हता. खुर्ची होती.
खुर्ची घेतली.
तिच्या औषधाला रकानाच नव्हता.
ते डॉक्टरांनी कुठून आणलं, मी विचारलं नाही.

संध्याकाळी डोकावले.
उघड्या छातीवर बाळ, वर ओढणीची घट्ट मोट.
रडणं चढलं की ती पुटपुटायची, "भरती."
उतरलं की, "सुकती."
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"माज्या दुदाआदी त्येका पुडी गावली."
मी चपला घालून परत आले.

सोळाव्या दिवशी दावा परत आला, लाल अक्षरांत.
कमी वजनाला इतके दिवस का?
सोबतच्या व्यक्तीची गरज स्पष्ट करा.
मर्यादा दोनशे अक्षरं.

साडेपाच वाजून गेलेत.
बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
आता पडद्यावर आहे एवढंच:
ती सोबतीला आलेली नाही, तीसुद्धा
आणि कोपऱ्यात आकडा लुकलुकतोय,
एकशे बहात्तर शिल्लक.